क्लोदेतच्या संध्याकाळी

मंगळवार, १० ऑगस्ट १९९३. सकाळी नदीवर धुके, नंतर कडक ऊन. स्वयंपाकघराचे पडदे धुतले, दुपारपर्यंत वाळले. फर्नां येऊन गळका नळ पाहून गेला; नळ अजून गळतो आहे. क्लोदेतने कॉलेजात फोन केला. माझी तब्येत उत्तम आहे.

शेवटच्या वाक्याखाली देलिमा तिबोदोने दोन रेघा ओढल्या. एरवी तिच्या रोजनिशीत रेघा नसत. हवा कशी होती, धुणे वाळले की नाही, कोण आले, चर्चमध्ये मिस्साला कोण दिसले नाही, एवढेच असे. राग आला तर बोलू नये, लिहावे, आणि लिहितानाही घडले तेवढेच लिहावे, असे कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी तिला लहानपणी शिकवले होते. तिने ते जन्मभर पाळले होते. आज मात्र पेनाचे टोक कागदात रुतले.

घडले ते असे. दुपारी ती मागच्या गॅलरीत दोरीवरचे पडदे काढत होती. जाळीच्या दारातून आतली क्लोदेत दिसत होती. ती नुकतीच कामावरून आली होती, अंगात अजून पांढरा झगा होता, आणि भिंतीवरच्या फोनची लांब वायर बोटाला गुंडाळत ती इंग्रजीत बोलत होती. घरात सगळे फ्रेंच बोलत, म्हणजे पलीकडे कोणी परके होते. जागा मिळाल्याचे कळले, आभारी आहे, असे ती म्हणाली. मग म्हणाली, "पण माझी आई आजारी असते. तिला संध्याकाळी एकटं टाकता येत नाही." पलीकडचे ऐकून घेऊन शेवटी म्हणाली, "शुक्रवारी चारपर्यंत? बरं. पण जमेलसं वाटत नाही."

देलिमाच्या दातांत कपड्यांचा चिमटा होता. तो तिने इतका दाबला की स्प्रिंग निसटून खाली अंगणात पडली. एकोणऐंशीव्या वर्षी ती दोन जिने चढून भाजी आणत होती. चर्चच्या सभागृहात पत्ते खेळायला चालत जात होती. आणि तिच्याच पोटची मुलगी, तिच्याच स्वयंपाकघरात उभी राहून, तिला अंथरुणावर निजवत होती.

तिने पडद्यांना इस्त्री केली. इस्त्रीचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेला असेल.

क्लोदेत म्हणजे तिची धाकटी, चव्वेचाळीस वर्षांची. टेकडीवरच्या वृद्धाश्रमात मदतनीस होती. म्हाताऱ्यांना आंघोळ घालायची, कुशीवर वळवायचे, भरवायचे, आणि कोणाला दुखले की नर्सला बोलावून आणायचे. गेल्या हिवाळ्यात एक दिवस ती घरी येऊन बूट न काढताच खुर्चीत बसली होती. एका म्हाताऱ्याला वेदना होत होत्या, गोळी कपाटात समोर दिसत होती, पण ती देण्याची मुभा नर्सलाच होती, आणि नर्स दुसऱ्या मजल्यावर अडकली होती. म्हातारा क्लोदेतचा हात धरून मागत राहिला. "'बोलावते हं' म्हणता म्हणता मीच म्हातारी झाले, ममाँ," ती म्हणाली होती. त्यानंतर काही दिवसांनी तिने कॉलेजच्या प्रवेशाची परीक्षा दिली. नर्सिंगची दोन वर्षांची पदवी, नोकरी करणाऱ्यांसाठी संध्याकाळच्या वर्गांत तीन वर्षे. ती पास झाली, यादीत नाव लागले, आणि आता जागा निघाली होती.

ही तिची पहिली वेळ नव्हती. शाळा संपली त्या वर्षी सिस्टरांच्या इस्पितळाच्या नर्सिंग शाळेने तिला घेतले होते. त्याच मार्चमध्ये तिचा बाप अदेलार गेला. तिला कोणी जाऊ नको म्हटले नाही. जा असेही कोणी म्हटले नाही. सप्टेंबरात ती बुटांच्या कारखान्यात शिवणयंत्रावर बसली, आणि कारखाना बंद पडला तेव्हा टेकडीवर गेली.

इथे येऊन राहिलेल्या आपल्या फ्रेंच लोकांत प्रत्येक घरात एक मूल म्हातारपणाची काठी म्हणून ठेवलेले असते. बहुधा शेवटची मुलगी. त्यासाठी बैठक होत नाही, विचारणा होत नाही. कोचाची जागा ठरते तशी ती ठरते, आणि मग सगळे त्या कोचाला वळसा घालून चालायला शिकतात. क्लोदेतच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी तिची आत्या पाळण्यात वाकून म्हणाली होती, "घे देलिमा, तुझी काठी आली." सगळे हसले होते. देलिमाही हसली होती.

त्या मंगळवारी रात्रीचे जेवण थंडच होते. हॅम, उकडलेले बटाटे, सायीतली काकडी. देलिमाने वाढले, प्रार्थना म्हटली आणि विचारले, "मला काय झालंय?"

क्लोदेतने मान वर केली. "काय झालंय?"

"तेच विचारतेय. कॉलेजच्या बाईंना माहीत आहे, मला नाही. आजाराचं नाव तरी सांगून ठेव. रविवारी फादरनी विचारलं तर काय सांगू?"

क्लोदेतने काटा खाली ठेवला. असे म्हणायची पद्धत असते, ती म्हणाली. आईचे नाव घेतले की लोक पुढे काही विचारत नाहीत.

"मग तुझं डोकं दुखतं म्हणायचंस. तुझं डोकं तुझं आहे."

"काय सांगू मग त्यांना? घाबरते म्हणून सांगू?" क्लोदेतचा आवाज चढला. "की या वयात रसायनशास्त्राचं पुस्तक उघडलं की माझे तळवे ओले होतात? त्यापेक्षा आई आजारी बरी. आणि ते सगळं खोटं आहे का? मंगळवारी आणि गुरुवारी मी दहाला घरी येणार. शनिवारी दिवसभर इस्पितळात. शनिवारी घेवड्याचं भांडं ओव्हनमधून कोण काढणार? तू?"

देलिमाचा हात आपोआप डाव्या मनगटाकडे गेला. चर्चच्या पायऱ्यांवरच्या बर्फात ते मोडले होते, आणि नीट बसले नव्हते.

शनिवारचा घेवडा ही त्या घराची दुसरी मिस्सा होती. शुक्रवारी जेवण झाले की देलिमा टेबलावर सुका घेवडा ओतून निवडायची आणि पिवळ्या पातेल्यात भिजत घालायची. शनिवारी पहाटे तो सासूच्या तपकिरी मातीच्या भांड्यात जायचा, खारवलेले डुकराचे मांस, कांदा, काकवी आणि मोहरीची पूड घालून, आणि दिवसभर ओव्हनमध्ये मंद शिजायचा. संध्याकाळी दोन्ही मुलगे बायकापोरांसह यायचे. ममाँचा घेवडा, असे सगळे म्हणायचे. पण मनगट मोडल्यापासून पहाटे उठून भांडे आत ठेवणारी, तासातासाला गरम पाणी घालणारी आणि संध्याकाळी ते काढणारी क्लोदेत होती. मुलगे येईपर्यंत भांडे टेबलावर असे, आणि देलिमा त्याच्यामागे डाव घेऊन उभी असे. हे दोघींनी कधी कोणाला सांगितले नव्हते.

"आणि तू मला कधी विचारलंस, ममाँ?" क्लोदेत आता हळू बोलत होती, आणि ते जास्त वाईट होते. "इतक्या वर्षांत एकदा तरी? राहशील का, म्हणून?"

देलिमा उठली आणि भांडी घासू लागली. भांडी फार नव्हती, पण तिने ती बराच वेळ घासली. दुपारचा राग कुठे ठेवायचा हे तिला दुपारी नीट कळले होते. आता तो ठेवायला जागा राहिली नव्हती. हात पुसून तिने दोन्ही मुलांना फोन केला. गुरुवारी जेवण झाल्यावर या, असे सांगितले. का, ते सांगितले नाही.

गुरुवारी ते आले. थोरला नॉर्मां, ज्याचा घरे तापवण्याचे तेल घरोघर पोचवण्याचा धंदा होता आणि ज्याच्या ट्रकवर त्याचे नाव होते. त्याची बायको पॉलीन. आणि मधला फर्नां, जो आल्या आल्या नळाकडे बघून म्हणाला की वॉशर आणायचा राहिलाच. क्लोदेत मागच्या दारात वर्तमानपत्र पसरून आपल्या कामाच्या बुटांना पांढरा रंग लावत बसली. ती आत आली नाही.

देलिमाने सांगितले की क्लोदेतला जागा मिळाली आहे, उद्या चारपर्यंत कळवायचे आहे, आणि ती आपल्यासाठी अडली आहे. तेव्हा काय ते आज बोला.

नॉर्मांने खुर्ची मागे रेलली. "हे बघ क्लो, नको कोणीच म्हणत नाही. शिकावं माणसानं. पण ममाँचं काय?"

"ममाँचं काय ते ममाँला विचार," देलिमा म्हणाली. "ती इथेच बसली आहे."

नॉर्मां हसला आणि त्याने तिच्या हातावर थोपटले, शेजाऱ्याच्या कुत्र्याला थोपटावे तसे. मग तो पुन्हा दाराकडे तोंड करून बोलू लागला. पॉलीनने आवाज मऊ केला. "ममाँ, रागावू नका तुम्ही. पण शनिवारी तुमच्याजवळ कोणीतरी हवंच. आणि मुलांना किती सवय आहे, शनिवार म्हटलं की मेमेचा घेवडा, आजीच्या हातचा." फर्नांने विचारले, इस्पितळातले ते काम रविवारी नाही का ठेवत? क्लोदेतने बाहेरूनच सांगितले की आजारी माणसे फर्नांला विचारून दिवस ठरवत नाहीत.

"बरं," देलिमा म्हणाली. "मंगळवारी कोण येईल माझ्याजवळ बसायला?"

मंगळवारी नॉर्मांची चर्चच्या मंडळाची सभा असायची. फर्नां मंगळवारी बेसबॉल खेळायला जायचा, आणि हिवाळ्यात बोलिंग. पॉलीन म्हणाली की तिला रात्री गाडी चालवायला नको वाटते.

"आणि गुरुवारी?"

नळ टपटपत होता.

"आज गुरुवारच आहे," देलिमा म्हणाली. "तिघं आलात. रस्ता मोकळा होता ना?"

नॉर्मांचा चेहरा लाल झाला. अदेलारचाही असाच कानापासून लाल व्हायचा. तो म्हणाला की यात एवढे डोक्यावर घेण्यासारखे काय आहे. क्लोदेत एवढी वर्षे थांबली. कॉलेज काही पळून जात नाही. "अजून तीन-चार वर्षं थांबली तर काय बिघडतं? तोवर..."

तो थांबला. पॉलीनने खाली आपल्या पर्सच्या कडीकडे पाहिले.

"तोवर काय?" देलिमाने विचारले.

"म्हणजे, तोवर बघू, असं."

"काय बघणार?"

फर्नांने खुर्ची सरकवली. तेव्हा क्लोदेत दारात येऊन उभी राहिली, एका हातात बूट, एका हातात रंगाचा ब्रश. देलिमाने तिला इतके चिडलेले कधी पाहिले नव्हते. अदेलारच्या दफनानंतर नॉर्मांने बापाची शिकारीची बंदूक परस्पर नेली तेव्हाही ती गप्प होती.

"बोल ना, नॉर्मां," ती म्हणाली. "ती विचारतेय. तोवर काय?"

नॉर्मांने टोपी घेतली. जाताना तो म्हणाला की या घरात आता माणसाला साधे बोलायचीही सोय नाही. फर्नां त्याच्यामागे गेला, आणि पॉलीन दोघींच्या गालांचे मुके घेऊन, उगाच हसून, जिना उतरली. त्यांची गाडी गेल्यावर क्लोदेतने सांगितले की उद्या कामावरून आल्यावर ती कॉलेजला नको म्हणून कळवणार आहे. आता कोणीही तिच्याशी या विषयावर एक शब्द बोलू नये, ममाँनेसुद्धा. ती आपल्या खोलीत गेली. पांढऱ्या रंगाचा एक ठिपका जमिनीवर राहिला होता. देलिमाने तो वाकून पुसला, आणि वाकताना, उठताना, तिला आपल्या गुडघ्यांचासुद्धा राग आला.

शुक्रवारी ती लोणच्याच्या काकड्या चिरत असताना फोन वाजला. कॉलेजच्या बाई होत्या. कुमारी क्लोदेत तिबोदो आहेत का, असे त्यांनी विचारले.

"ती कामावर आहे," देलिमा आपल्या कॉन्व्हेंटच्या इंग्रजीत म्हणाली. "मी तिची आई. ती आजारी असते, तीच."

मग बाईंनी काळजीने विचारले, आता कसे आहे?

"विचारलंत ते बरं झालं, घरात कोणी विचारत नाही. माझं एक मनगट मोडलेलं आहे. जड भांडं उचलत नाही. बाकी सगळं चालतं. संध्याकाळी मी रोझरी म्हणते, रेडिओ ऐकते आणि झोपते. त्याला माणूस लागत नाही."

बाई हसल्या. त्या म्हणाल्या की यादीत पुढची एक मुलगी वाट पाहते आहे, म्हणून आठवण करायला फोन केला होता. मग क्लोदेत येणार असे लिहून घेऊ का?

ते दोन शब्द देलिमाच्या जिभेवर आले होते. हो, लिहा. किती सोपे होते. फोन तिने दुसऱ्या कानाला लावला. "नाही," ती म्हणाली. "ते ती सांगेल. माझ्या वतीने ती बोलली, त्यात जे झालं ते झालं. तिच्या वतीने मी बोलणार नाही."

साडेतीनला क्लोदेत आली. देलिमाने फोन आल्याचे सांगितले आणि आपण काय बोललो तेही, शब्दन् शब्द. क्लोदेतने हातातली पिशवी टेबलावर आपटली.

"मी सांगितलं होतं ना तुला?"

"तुझ्याशी बोलू नको म्हणालीस. फोनशी नाही. आणि मी फक्त माझ्या तब्येतीचं बोलले." देलिमाने काकड्यांची बरणी बाजूला सारली. "आता तुला विचारते. आधी विचारायला हवं होतं, नाही विचारलं. तुला राहायचंय का इथे?"

क्लोदेतने टेबलावर कलंडलेली पिशवी सरळ केली. रस्त्यावर कोणाच्या तरी गाडीचे दार लागले.

"राहायचंय," ती म्हणाली. "इथेच राहायचंय. फक्त संध्याकाळी नाही."

"मग नको राहूस संध्याकाळी."

"आणि शनिवारी?"

"शनिवारी घेवडा नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही. तीन वर्षं नाही. भांडं वरच्या फळीवर."

क्लोदेत तिच्याकडे बघत राहिली. "मग नॉर्मां-फर्नां येणार नाहीत, ममाँ. तुला माहीत आहे."

"मग ते मला कळेल."

हे बोलताना देलिमाचा आवाज कापला, आणि तो कापला म्हणून ती अजूनच चिडली. तिने घड्याळाकडे बोट केले. क्लोदेत म्हणाली की ती नापास होईल. तिला रेणू म्हणजे काय तेही आठवत नाही.

"हो मग. सिस्टर सें-लियोनने मला भूमितीत दोनदा नापास केलं. त्याने मी मेले का?"

क्लोदेत हसली नाही. तिने फोन उचलला, नंबर फिरवला, आणि चुकीचे बिल आल्यासारख्या आवाजात सांगितले, "मी तिबोदो बोलतेय. हो, तीच. येते म्हणून लिहा. नाही, अजून काही विचारायचं नाहीये मला." फोन ठेवून ती सिंककडे गेली आणि दोन पेले पाणी प्यायली. मग तोंडावर पाणी मारले, आणि तोंड न पुसताच आपल्या खोलीत गेली. दार मात्र उघडे ठेवले.

संध्याकाळी नॉर्मांचा फोन आला. काल काही घडलेच नव्हते अशा सुरात त्याने विचारले, "उद्या किती वाजता, ममाँ? पॉलीन विचारतेय, ब्रेड आणायचा का."

"उद्या काही नाही."

"काही नाही म्हणजे? बरं नाही का तुला?"

"उत्तम आहे. मंगळवारी ये, साडेपाचला. जेवण घेऊन ये, दोघांचं. तू आणि मी."

"मंगळवारी माझी..."

"माहीत आहे," देलिमा म्हणाली आणि तिने फोन ठेवला. ठेवताना तो खुंटीवर नीट बसला नाही; तिने तो काढून पुन्हा टांगला. "तोवर" हा शब्द कालपासून तिच्या कानातून गेला नव्हता आणि लवकर जाईल असे वाटत नव्हते. शेगडीशेजारच्या फळीवर घेवड्याची बरणी होती. तिने ती उचलली, जागेवरचा धुळीचा गोल पुसला, आणि बरणी परत तिथेच ठेवली. मग ती टेबलाशी बसली आणि तिने रोजनिशी उघडली.

शुक्रवार, १३ ऑगस्ट १९९३. ढगाळ, पाऊस नाही. काकडीचे लोणचे, चार बरण्या. नळ गळतो आहे. घेवडा भिजत घातला नाही.